सुईदोरा नावाच्या लिलावाची हकिकत

श्री. जो नाव ठेवतो आणि तोच पुसतो, त्याचे स्मरण करून हे लिहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एक राज्य होते, त्यास जमीन नव्हती आणि तटही नव्हता. पडद्यावर नाव टंकावे आणि त्या नावाचे दार उघडावे, ऐसे ते राज्य. त्या नावास डोमेन म्हणत. नाव कोणाचेच कायमचे नसे. दरसाल कर भरावा आणि नांदावे, न भरल्यास नाव लिलावास जाई. त्या राज्यात अंबूबाई माजगावकर यांनी ‘सुईदोरा’ नावाचे दार मांडिले होते आणि तेथे त्या गावोगावच्या बायकांस शिवणकाम शिकवीत, मोल घेत नसत. आषाढात बाई अल्प दुखण्याने निवर्तल्या. मग कराची सूचना बाईंच्या टपालात आली, आणि यजमान धोंडोपंत यांनी ती उघडली नाही. बायकोचे टपाल नवऱ्याने उघडू नये, ऐसा त्या घरचा रिवाज होता, आणि बाई गेल्यावर तो मोडावा ऐसे पंतांच्या मनात आले नाही. मग दार बंद झाले. हे वर्तमान शेजारच्या गावची शेवंता, बाईंची शिष्या, तिने फोनवर सांगितले.

“काका, बाईंचं पान उघडत नाही. नाव विकायला काढलंय म्हणे. सावकारी ॲपवाले असली नावं उचलतात. उद्या बायका धडे बघायला जातील आणि कर्ज घेऊन बसतील.”

“धडे माझ्या संगणकात आहेत की,” पंत म्हणाले.

“असतील. पण बायकांना वाट ठाऊक आहे ती त्या नावाची.”

मग पंत लिलावाच्या कचेरीत रुजू झाले. कचेरीची रीत ऐशी की, बोलीदार पडद्याआड बसत आणि त्यांस नावाऐवजी आकडा मिळे. आणि प्रत्येकाने आपली शेवटची बोली किती, ती कचेरीस गुपचूप सांगावी, मग कचेरीने त्याच्या वतीने पायरीपायरीने चढावे. प्रतिस्पर्धी नसल्यास नाव पहिल्या पायरीवरच मिळे. पंतांनी आपला आकडा सांगितला. बोलीदार सात म्हणून कोणी होते, ते चढत चढत आले आणि पंतांच्या आकड्याच्या एक मोहोर खाली थांबले. पंतांस नवल वाटले. मग पारख करावी म्हणून त्यांनी त्याहून मोठा, कोणाच्या ध्यानी येऊ नये ऐसा वेडावाकडा आकडा सांगितला, आणि बोलीदार सात पुन्हा चढले, आणि त्याच्याही एक मोहोर खाली येऊन थांबले, आणि स्वस्थ बसले. लिलाव संपला, पंत जिंकले, आणि त्यांनी कचेरीचे कारभारी नरहरराव यांस फोन केला.

“अभिनंदन पंत,” राव बोलते झाले.

“बोलीदार सात कोण?”

“नाव सांगण्याची रीत नाही.”

“माझा आकडा तुमच्या कचेरीखेरीज कोणास ठाऊक नव्हता.”

“म्हणून तर तो गुप्त राहिला.”

“मग एक मोहोर आधी कुठे थांबायचं, हे त्यांस कसं कळलं?”

“त्यांचा अनुभव दांडगा आहे.”

“तक्रार करायची तर?”

“अवश्य करावी. चौकशी आमचीच कचेरी करते. तोवर नाव दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारास जातं.”

“म्हणजे साताला.”

“होय. त्यांच्याकडे गिऱ्हाईक तयार असतं. सावकारी धंद्यातली मंडळी, रोकडा व्यवहार. पैसे भरण्याची तुमची मुदत संध्याकाळपर्यंत आहे, घाई नाही.”

पंतांनी फोन ठेवला. पुरावा नव्हता, होता तो कचेरीपाशीच होता. भांडावे तर दारात सावकार बसणार, न भांडावे तर लबाडी मान्य होणार. मग बाईंच्या इलाजासाठी वेगळे काढलेले आणि खर्च करण्यास सवड न मिळालेले द्रव्य होते, ते पंतांनी भरले. पावतीवर कचेरीने आभार मानिले.

शेवंतेने धडे पुन्हा लाविले आणि दार उघडले. पहिला निरोप कोणा अनोळखी बाईचा आला: “बाई, किती दिवस दार बंद होतं, बऱ्या आहात ना? माझी कॉलर एका बाजूला ओढते.” शेवंता म्हणाली, मी उत्तर देते. पंत म्हणाले, नको. मग त्यांनी एका बोटाने टंकिले: “बाई आषाढात वारल्या. मी त्यांचे यजमान. कॉलरचा धडा खाली आहे, त्यात त्या स्वतः बोलतात.” आणि पाठविण्यापूर्वी पंतांनी तो धडा एकवार सुरू केला, आणि संपेपर्यंत ऐकला.

येणेप्रमाणे नाव घरी आले. बोलीदार सात दुसरे दिवशी दुसऱ्या नावावर बसले. कचेरीचा कारभार सुरळीत चालू आहे, पंतांस कॉलर बसविता येत नाही, आणि विचारणाऱ्या बायका रोज येतात.