ओवीसाठी घेतलेला पेला

लोक भेटल्यावर आधी नमस्कार करतात. आमच्या शेजारच्या शेवंताआत्या आधी लेकराचा पेला हुंगतात.

तिरोडीहून बदली होऊन आम्ही बालाघाटला आलो, त्याच दिवशी त्यांनी माझ्या दीड वर्षाच्या ओवीच्या हातातून बदकाचं चित्र असलेला, नळीचा प्लास्टिकचा सिपर काढून घेतला, झाकण उघडून नाकाशी धरला.

"मास्तर, ऊन दूध टाकता याच्यात?"

"कधीकधी."

"काहून बाप्पा? वास येऊन राह्यला न! आन् या नळीत कोणाचं बोट जाते घासाले?"

आत्यांनी भरवेलीच्या खाणीच्या कँटीनमध्ये तीस वर्षं कपबशा धुतल्या. त्यामुळे गल्लीतला एकही पेला त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. त्या दिसल्या की बाया पेले पदराआड लपवत. पुढे पुढे तर दारच लोटून घेऊ लागल्या. आत्या लोटलेल्या दाराशी जरा वेळ थांबत आणि परत फिरत.

रविवारी त्या मला नवा पेला घ्यायला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. काचेचा फुटतो. तांब्याच्या पेल्यात दूध ठेवू नये. रंगवलेला नको, लेकरू रंग चावतं. उरला स्टीलचा. एकेकाच्या काठावरून बोट फिरवत त्या म्हणत, "हा लागते. हाबी लागते. ओठाले इचारा, मास्तर, डोयाले नोका इचारू."

सतरा पेले उतरवून दुकानदार वैतागला. "अम्मा, गिलास ले रही हो कि दामाद देख रही हो?"

"जावयाचा काठ नाही लागत रे ओठाले!"

अठरावा पेला त्यांनी पाण्यानं भरला, ओवीच्या उंचीएवढ्या उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. दुकानातले सगळे हसले. आत्या तोंड पुसत म्हणाल्या, "हौ. लेकराले झेपते हा."

पेला त्यांनी आपल्याच पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो आणायला गेलो. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक गिलास. माठापाशी, धुऊन पालथा घातलेला तो छोटा पेला.

"आत्या, ओवीसाठी घेतलाय न हा?"

"तिच्यासाठीच हाय."

मी हात पुढे केला. त्या माठ पुसत राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमी दुसरा घ्या, असाच. हा इथं राहू द्या. तिले तहान लागली का धाडत जा इकडं."

मी रिकाम्या हातानं घरी आलो.

संध्याकाळी ओवी नुकतीच पोटभर दूध पिऊन खेळत होती. तरी मी तिला कडेवर घेतलं, आत्यांच्या दाराशी नेलं आणि बाहेरूनच हाक मारली, "आत्या, हिला तहान लागली हो!"