बॅटरी सुस्थितीत आहे

पाचोऱ्याच्या फिरत्या पशुआरोग्य पथकाची जीप एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी सुरू झाली नाही. सरकारी गाडी सुरू न होणं ही काही बातमी नव्हे. पण पथक फिरतं होतं, आणि फिरतं पथक फिरत नाही म्हटल्यावर अडचण थेट नावापासून सुरू झाली. चावी फिरवली की बॉनेटखालून कट्‌कट्‌ असा आवाज यायचा आणि जीप पुन्हा गप्प बसायची.

चालक भाईदास यांनी बॅटरी गेल्याचं तत्काळ जाहीर केलं. त्यांच्या निदानाची अडचण अशी होती की मागे टायर पंक्चर झाला तेव्हाही त्यांनी बॅटरीच गेल्याचं सांगितलं होतं, आणि डिझेल संपलं तेव्हाही. नोकरीला लागल्यापासून त्यांना एकच आजार ठाऊक होता. आता तो खरोखर झाला असण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

पथकाच्या डॉक्टर कामिनी देवरे मूळच्या धुळ्याच्या, नोकरीत नव्या. काय दुखतंय ते न सांगणाऱ्या जनावरांचं निदान करण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं, त्यामुळे जीपकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं. शेडच्या सावलीत दिवे लावून पाहिले. ते समईच्या वातीएवढे पिवळे लागले आणि चावी फिरवताच तेवढेही विझले. हॉर्न दाबला तर सर्दी झालेल्या करडासारखा आवाज आला. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडून, वायरी घट्ट करून पाहिल्या. फरक पडला नाही. शेवटी केळीच्या एका ट्रकवाल्याला विनंती करून त्याच्या बॅटरीला दोन वायरी जोडल्या, तेव्हा जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली. वायरी काढून, बंद करून पुन्हा चावी फिरवली, की कट्‌कट्‌. बॅटरी जुनी होती, आणि खानदेशचा उन्हाळा माणसाला सोडत नाही तो बॅटरीला काय सोडणार? नवी बॅटरी हवी, असं त्यांनी जळगावच्या पथक नियंत्रण कक्षाला कळवलं.

कक्षाचे प्रमुख प्रेमराज बोरसे हे सज्जन गृहस्थ होते. ते कुणावर ओरडत नसत, कुणाची अडवणूक करत नसत, आणि नियमाबाहेर एक पाऊल टाकत नसत. ते स्वतः पाचोऱ्याला आले. तपासणी उघड्यावर, सगळ्यांच्या समोर व्हावी म्हणून त्यांनी जीप ढकलून भर दुपारच्या उन्हात आणवली आणि दिवे लावायला सांगितले. त्या उन्हात दिवेच काय, वीज पडली असती तरी दिसली नसती. बोरसे साहेबांनी दिवे निकामी असल्याची नोंद केली.

दिवे चांगले आहेत, त्यांना बॅटरीतून करंट मिळत नाही, असं कामिनीताईंनी समजावून सांगितलं.

"मॅडम, आपण दिसतं त्याची नोंद करायची," बोरसे साहेब शांतपणे म्हणाले. "कारण हा पुढचा टप्पा आहे."

पुढच्या टप्प्याला एक अडचण होती. दिवे, हॉर्न आणि इंजिनला पहिला फेरा देणारा सेल्फ या गोष्टी किरकोळ दुरुस्तीत मोडत आणि त्या साहेबांच्या अधिकारात होत्या. बॅटरी मात्र 'ऊर्जास्रोत' असल्यानं ती बदलायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार धुळ्याच्या विभागीय वाहन तपासणी केंद्राला होता. त्यामुळे साहेबांनी आपल्या अधिकारात असलेलं सगळं सढळ हातानं केलं. जीपला नवे दिवे आले, नवा हॉर्न आला, नवा सेल्फ आला. काच पुसणारा वायपर हळू फिरतो म्हणून तोही नवा आला. मे उजाडला तेव्हा जीप नवरदेवासारखी सजली होती आणि नवरदेवासारखीच, कुणीतरी ढकलल्याशिवाय पुढे सरकत नव्हती.

आता धुळं राहिलं. तिथल्या केंद्राचा नियम असा की वाहन स्वतःच्या चाकांवर, चालू स्थितीत आलं पाहिजे. बंद वाहन तपासता येत नाही. शेळ्या घेऊन बसलेल्या लोकांनी दवाखान्यासमोरून जीप ढकलली, ती सुरू झाली, आणि भाईदास व कामिनीताई धुळ्याला निघाले. वाटेत इंजिन बंद करायची सोय नव्हती. पारोळ्याला चहा न घेता गाडी पुढे काढण्याची भाईदास यांची ही पहिलीच वेळ, आणि ते दुःख त्यांनी धुळ्यापर्यंत बोलून दाखवलं.

केंद्रातल्या अभियंत्यानं इंजिन बंद केलं, क्षणभर थांबून चावी फिरवली. एवढा रस्ता पळून बॅटरी कामापुरती भरली होती. जीप लगेच सुरू झाली. भाईदास यांना स्वतःलाच इतका आनंद झाला की ते टाळी वाजवून बसले. बॅटरी सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र त्यांना हातोहात मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी पाचोऱ्यात सकाळी कट्‌कट्‌ असा आवाज आला.

शासकीय बॅटरीविषयी अफवा पसरवल्याबद्दल भाईदास यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला. कामिनीताई जळगावला जाऊन साहेबांना भेटल्या. लांब पळवली की बॅटरी तेवढ्यापुरती भरते, पण भरलेलं टिकवून धरायची ताकद तिच्यात उरलेली नाही, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. साहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि मग जीप रोज सकाळी धुळ्याला नेऊन आणायला काय हरकत आहे, असं विचारलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी खरोखरच हिशेब करायला सांगितला. डिझेलची तरतूद पुरेना, म्हणूनच तो विचार सोडून द्यावा लागला.

पण प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता. उतारावरून सोडली की गाडी सुरू होते, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. पाचोऱ्याच्या दवाखान्याचं आवार सपाट होतं. तिथे उतार नाही, हीच खरी त्रुटी असल्याचं साहेबांच्या ध्यानात आलं. बॅटरीचा प्रस्ताव धुळ्याला अडकला होता, पण बांधकाम खर्चाच्या वेगळ्या शीर्षाखाली येत असे आणि त्याला कुणाचीच हरकत नव्हती. पंधरवडा सरला नाही तोच आवारात सिमेंट काँक्रीटचा पक्का उतार उभा राहिला. त्याला 'प्रारंभ-उतार' असं नाव देण्यात आलं. नारळ फुटला, पेढे वाटले.

पेढे खाऊन झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. उतारावरून खाली यायचं तर जीप आधी वर हवी होती, आणि वर जायचं तर ती सुरू हवी होती. मग रोज सकाळी शिपाई, भाईदास आणि जनावरं घेऊन आलेली माणसं जीप ढकलत उतारावर चढवू लागली, म्हणजे तिला खाली सोडता येईल. सपाटीवर ढकलताना लागायची त्याच्या दुप्पट माणसं आता लागत. सपाटीवरच ढकलली तर चालणार नाही का, असं एका शेतकऱ्यानं विचारलं. मग उतार कशासाठी बांधला, असं शिपायानं त्याला विचारलं, आणि शेतकरी पुन्हा जीप ढकलू लागला.

बागायती कापसाच्या लागवडीचे दिवस होते तेव्हा आडगव्हाणहून ताईबाईंचा फोन आला. त्यांची पहिलारू म्हैस पहाटेपासून अडली होती आणि रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. कामिनीताईंना अर्थ कळला. दुसरा पाय आत मागे दुमडलेला असणार, आणि उशीर झाला तर दोन्ही जीव जाणार.

दुपारची वेळ, दवाखान्यात माणसं थोडी. कामिनीताईंनी स्वतः ओढणी कमरेला खोचली आणि जीपला खांदा लावला. जीप कशीबशी चढली, खाली सोडली, सुरू न होताच कुंपणापाशी जाऊन थांबली. पुन्हा मागे ओढत चढवली. त्या वेळी कामिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते घामाचं की रागाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या खेपेला इंजिननं धूर सोडला आणि जीप धावली.

आडगव्हाणला ताईबाईंचे यजमान लोटन आबा रस्त्यावरच उभे होते. गोठा घराला लागूनच, आणि जीप गोठ्याच्या तोंडाशी फटफटत उभी. म्हैस आधीच घाबरलेली, त्या आवाजानं ती दावं तोडायला लागली. कामिनीताईंनी इंजिन बंद करायला सांगितलं. भाईदास यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे पाहिलं, आणि चावी फिरवली. सगळीकडे शांत झालं.

पुढचा बराच वेळ कामिनीताईंचा हात कोपराच्या वर म्हशीच्या पोटात होता. ताईबाई म्हशीच्या कपाळावर हात फिरवत तिच्याशी बोलत राहिल्या. दुमडलेला पाय हाताला लागला, सरळ झाला, आणि एका जोराच्या कळेसरशी वगार बाहेर आली. ती हालली नाही. कामिनीताईंनी तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, काडीनं नाकपुडीत टोचलं, पेंढ्यानं अंग चोळलं. मग वगार शिंकली. लोटन आबा तिथेच खाली बसले.

हात धुवेपर्यंत शेजारच्या गावाहून फोन आला. एका बैलाचं पोट फुगलं होतं. जीप अर्थात सुरू झाली नाही. आबांनी आपला ट्रॅक्टर शेजारी आणून दोन वायरी जोडल्या, इंजिन लागलं. पण पुढच्या गावी ते पुन्हा बंद करावं लागलं तर काय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आबांनी स्वतःच ट्रॅक्टरच्या बॅटरीचे नट सोडवायला घेतले.

"आबा, तुमचं लागवडीचं काम आहे," कामिनीताई म्हणाल्या.

"मन्ही म्हैस वाचनी," आबा म्हणाले. "त्यासना बैल बी वाचाले पाहिजे. सकाय पावत वापरा, मंग लाई द्या परत."

उद्यापर्यंत म्हणून दिलेली ट्रॅक्टरची बॅटरी आकारानं मोठी होती, जागेत बसेना. ती सुतळीनं बांधली. जुनी बॅटरी आबांच्या ओट्यावर राहिली. बैल वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप उतारावर न चढता, कुणीही न ढकलता, चावीसरशी सुरू झाली. कामिनीताईंनी झालेलं सगळं जळगावला कळवलं, आबांची बॅटरी परत द्यायची असल्यानं नवी तातडीनं द्यावी असंही कळवलं. वाहन सुरू होत असल्यानं बॅटरीची आवश्यकता उरलेली नाही, असं उत्तर आलं. बॅटरी सोडवून स्वतः आडगव्हाणला नेऊन देते म्हणाल्या, तर चालू शासकीय वाहन बंद पाडणं हा गंभीर प्रकार असल्याचं त्यांना कळवण्यात आलं.

आठवडाभर वाट पाहून लोटन आबा स्वतः जळगावला गेले. बोरसे साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि धुळ्याचं प्रमाणपत्र समोर ठेवलं.

"जीपमध्ये सुस्थितीतली बॅटरी आहे, असं हे प्रमाणपत्र सांगतं," साहेब म्हणाले. "आणि प्रत्यक्षातही जीपमध्ये सुस्थितीतली बॅटरी आहे. मग आबा, यातली तुमची कुठली?"

आबांनी विचार करून सांगितलं की जीपची जुनी तर त्यांच्या ओट्यावर पडलेली आहे.

साहेबांनी उठून दार लोटलं. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्या माणसासारखं त्यांनी समजावलं, की शासकीय बॅटरी खाजगी ओट्यावर आढळणं ही गोष्ट आबांनी पुन्हा कुठे बोलू नये. आपल्याला तर त्यांनी काही सांगितलंच नाही, असं आपण समजतो. आबांनी त्यांचे आभार मानले आणि चहा न संपवता उठले.

परतताना पाचोऱ्यात उतरून त्यांनी ट्रॅक्टरसाठी बॅटरी घेतली. दुकानदारानं प्रमाणपत्र मागितलं नाही. जुनी दिली तर किंमत कमी होईल एवढंच म्हणाला. जुनी नाही, असं आबांनी सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी ओट्यावरच्या बॅटरीवर पोतं टाकलं आणि ताईबाईंना पाहुण्यांसमोर ते उचलू नका म्हणून बजावलं.

पावसाळा लागण्याच्या सुमाराला जळगावला मोठा कार्यक्रम झाला. 'प्रारंभ-उतार' हा उपक्रम नावीन्यपूर्ण ठरला होता. व्यासपीठासमोर भाईदास यांनी जीप सपाटीवरच एका चावीत सुरू करून दाखवली. उताराचा परिणाम इतका टिकतो हे पाहून प्रमुख पाहुणे थक्क झाले आणि असे उतार सगळ्या तालुक्यांत बांधायचं त्यांनी जाहीर केलं. बोरसे साहेबांचा सत्कार झाला. कामिनीताईंना समोरच्या रांगेत बसवलं होतं; त्या जीपच्या बॉनेटकडे पाहत राहिल्या. आबांनाही वर बोलावून शाल दिली. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून आबांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मधे साहेब, बाजूला जीप, आणि कडेला शाल पांघरलेले आबा. खाली लिहिलं होतं, 'लाभार्थी शेतकरी श्री. लोटन महाजन'.

तो पेपर तुमच्याही घरी आला होता. फोटोच्या शेजारीच सोन्याचा भाव होता, त्या दिवशी जरा उतरलेला, आणि आपण सगळ्यांनी तेवढाच वाचला.