मोनालीच्या व्हिलातलं दूध

"पण टाइप कुठला?" खंडेरावांनी मोबाइलमध्ये जवळजवळ तोंड घालून विचारलं.

तारापूरच्या कॉलनीत हयात गेलेली. घर म्हटलं की आधी टाइप विचारायचा, ही त्यांची सवय. ए टाइपच्या क्वार्टरमधून बी टाइपमध्ये गेले तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. आता लेक मोनाली शिकायला कोरियात गेली आणि तिथल्या टाइपांनी त्यांचं डोकं गरगरायला लागलं. आधी ती गोशिवॉनमध्ये राहिली. म्हणजे पलंगावर बसून चारी भिंतींना हात लागेल एवढी खोली, पण भात मालकाकडून फुकट. मग हासुक, म्हणजे कुणा काकूंच्या घरी जेवूनखाऊन राहायचं. शिवाय खाली ऑफिसं, वर खोल्या असलेलं ऑफिसटेल होतं, गच्चीवरची खोली होती, अर्धी जमिनीत गेलेली खोलीही होती. एका प्रकारात तर मालकाकडे भलीमोठी अनामत ठेवायची, भाड्याशिवाय राहायचं आणि जाताना सगळी रक्कम परत घ्यायची.

"परत देतो? आणि वर मालक म्हणवून घेतो?" खंडेराव थक्कच झाले.

"बाबा, आता मिळालीय तिला व्हिला म्हणतात. व्हिलातली एक खोली."

व्हिला हा शब्द दुपारच्या आत कॉलनीभर फिरला. लिफ्ट नसलेल्या चार मजली बिल्डिंगलाच तिथं व्हिला म्हणतात, असंही मोनाली म्हणाली होती. पण ते वाक्य खंडेरावांनी घरातच ठेवलं.

ही खोली मिळवताना पोरीच्या नाकी नऊ आले होते. परदेशी भाडेकरू म्हटलं की घरमालक दारातूनच वाटेला लावायचे. ही मालकीणबाई कशीबशी तयार झाली, ती अटी घालून. आवाज नको, वास नको, धूर नको. एकही अट मोडली तर सामान रस्त्यावर. आणि इकडे खंडेरावांनी सांगून ठेवलेलं, "डोक्यावर धड छप्पर नसेल तर शिक्षण पुरे झालं. सरळ घरी ये." मोनालीला घरी यायचं नव्हतं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. मोनालीची आई, सुगंधाबाई, नेसूचं नवं लुगडं आवरत पुढ्यात बसल्या. "दूध उतू घालवल्याशिवाय नव्या घरात झोपायचं नाही," त्यांनी बजावलं. मासळी घेऊन आलेली काशीबाई पाटी दारात ठेवून मागे उभी राहिली. तिलाही व्हिला बघायचा होता.

मोनालीने खोली दाखवली. बाहेर बर्फ होता आणि ती अनवाणी उभी होती.

"पायात मोजे घाल की गं!"

"आई, इथं जमीनच गरम असते. फरशीखालून गरम पाणी फिरवतात."

खंडेरावांनी नकळत आपल्या फरशीला हात लावून पाहिला. ती रोजच्यासारखीच गार होती.

"जमिनीखाली ऊन हाय?" काशीबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. "पोरी, बोंबील पसर! पावसाचा घोर नाय, कावल्याचा घोर नाय!"

"मावशी, वास चालत नाही इथं."

"मंग ऊन काय कामाचं?" काशीबाई हळहळली.

मुहूर्त टळत चालला होता. सुगंधाबाईंनी घाई केली. "दूध ठेव शेगडीवर, मोबाइल ठेव समोर आणि कलश घेऊन बाहेर जा. उजवा पाय टाकून आत येईपर्यंत दूध वर येईल."

बेत चोख होता. मोनालीने काचेच्या विजेच्या शेगडीवर दूध ठेवलं, मोबाइल फ्रीजला टेकवला आणि कलश घेऊन बाहेर गेली. तिच्यामागे दार आपोआप लागलं. त्या दाराला किल्लीच नव्हती, आकडे दाबायचे. ते आकडे खंडेरावांच्याच आग्रहाने तिने त्या सकाळी बदलले होते.

बाहेर बटणं वाजली. कुलूप नाराजीने गुरगुरलं. पुन्हा वाजली, पुन्हा गुरगुरलं. मग ते कोंबडं कापल्यासारखं केकाटायला लागलं.

"बाबा! आकडे आठवत नाहीयेत!" दारापलीकडून मोनाली ओरडली.

"झाला आवाज," खंडेराव पुटपुटले.

तेवढ्यात दूध उतू गेलं. सुगंधाबाईंनी सवयीने हात जोडले. दूध तापल्या काचेवर पसरलं आणि करपलं.

"वास," खंडेराव म्हणाले. मग पांढरा धूर छतापर्यंत गेला आणि छतातून एक बाई शांतपणे कोरियन भाषेत बोलू लागली.

"अगं बाई, वर कोण राहतं?"

"अगं, अलार्म आहे तो!" असं म्हणत खंडेरावांनी गाल फुगवून मोबाइलवर जोरात फुंकर मारली.

"अहो, फुंकता काय! कोरिया आहे तो!"

घर समोर दिसत होतं, लेक दाराबाहेर होती आणि तीन माणसं बोईसरजवळ बसून तिच्या घरात होती. करता काहीच येत नव्हतं. पोरीचं घर आपणच घालवलं, असं खंडेरावांना वाटलं.

दार उघडलं. तळमजल्यावरची मालकीणबाई आपलं कार्ड लावून आत आली. एवढ्या धुरातही आधी तिने चपला काढल्या, जोडीने नीट लावल्या आणि मगच धावत जाऊन शेगडी बंद केली. खिडकी उघडली. मग तिची नजर मोबाइलवर गेली आणि ती कमरेत वाकली. खंडेराव ताडकन उठून इतके खाली वाकले की मोबाइलमधून दिसेनासेच झाले.

मागोमाग आत आलेल्या मोनालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, त्या विचारतायत, दूध विसरलीस का? काय सांगू?"

"विसरले म्हण," सुगंधाबाई कुजबुजल्या.

खंडेराव क्षणभर घुटमळले. "नको. ज्या बाई धुरात चपला काढतात त्यांना खोटं नाही सांगायचं. मुद्दाम उतू घालवलं म्हणून सांग. घरात सगळं असंच भरून वाहू दे, म्हणून."

मोनालीने सांगितलं. मालकीणबाईने शेगडीकडे पाहिलं, कलशाकडे पाहिलं आणि ती तडक निघून गेली.

"बॅग भर, बाळा," खंडेराव म्हणाले. "ये घरी."

मालकीणबाई परत आली ती दोन्ही हातांत ओझं घेऊन. एका हातात कपडे धुण्याच्या पावडरीचा भलामोठा पुडा, दुसऱ्या हातात संडासच्या कागदाच्या गुंडाळ्या. दोन्ही तिने वाकून मोनालीच्या हातात दिलं.

"बग, हाकलत नाय ती," काशीबाई म्हणाली. "घाण केलीस ती धू, बोलते."

खंडेरावांचा चेहरा लाल झाला. पण मोनाली डोळे पुसत हसत होती. "बाबा, इथं नव्या घराला हेच देतात! साबणाच्या फेसासारखी भरभराट वर येऊ दे, आणि कागदासारखी सगळी कामं सरसर उलगडू देत. त्या म्हणतात, तुमच्याकडे दूध, आमच्याकडे साबण. फेस एकच. फक्त पुढच्या वेळी दार उघडं ठेव."

जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात, गरम जमिनीवर, कुणीतरी आपल्या लेकीचं बरं चिंतत होतं, आणि तेही साबणाने. खंडेरावांचे डोळे भरून आले. "केवढी मोठी माणसं!" ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी टाइप विचारणं सोडलं.

पुढच्याच महिन्यात त्यांचे सहकारी अंकुश यांनी बोईसरमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सगळ्यांनी घड्याळं, गणपती, नाही तर पाकिटं आणली. खंडेरावांनी मोठ्या भक्तिभावाने कमरेत वाकून संडासच्या कागदाच्या गुंडाळ्यांची बारकी चळत आणि पावडरीचा पुडा यजमानांच्या हातात ठेवला. भारावल्यामुळे अर्थ सांगायचा राहूनच गेला.

संध्याकाळी सुगंधाबाईंना अंकुशरावांच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी पडलेला होता.

"वहिनी, खरं खरं सांगा. आमच्या संडासाचा वास हॉलपर्यंत येत होता का हो?"