शिंगावर घरटं आणि घशाला कोरड

दातांच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा "आ कर" म्हटलं आणि खुर्चीतल्या सहा वर्षांच्या मुलीनं तिसऱ्यांदा ओठ घट्ट मिटले. तिचा दुधाचा दात नुसता लोंबत होता आणि मागून पक्का दात डोकं वर काढत होता. आठवड्यातली ही दुसरी खेप. आज दात काढल्याशिवाय हिला सोडायचं नाही, असा डॉक्टरांनी चंगच बांधला होता.

"गोष्ट संपली नाही अजून," मुलगी तोंडावर हात ठेवून म्हणाली.

बाहेर बाकावर बसून तिच्या आईनं तिला दवाखान्यातलं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. एका गरीब स्वभावाच्या गेंड्याच्या शिंगावर चिमणी घरटं बांधते, अंडी घालते. अंडी पडतील म्हणून गेंडा मानच खाली करत नाही. तीन दिवस पाणी नाही, घशाला कोरड. आणि नेमकं शेवटचं पान गायब!

"पाऊस आला आणि तो पाणी प्यायला," डॉक्टर म्हणाले. "संपली गोष्ट. कर आ."

"पावसात अंडी नाही का भिजणार?"

"चिमणीनं चोचीतून पाणी आणलं," आई म्हणाली.

"गेंडा केवढा, चोच केवढी!"

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मदतनीस बाईंना हाक मारली. "बाई, पुस्तकाच्या दुकानात फोन लावा. शेवटच्या पानावर काय आहे, विचारा."

"बाहेर चार पेशंट खोळंबलेत, डॉक्टर."

"खोळंबू देत! आधी गेंड्याचं बघू."

बाई फोनकडे गेल्या. दुकानदारानं पुस्तक शोधून उलट फोन करतो म्हणून सांगितलं. डॉक्टरांना दम निघेना. ते तसेच उठले, हनुवटी वर केली आणि छताकडे बघत खोलीभर चालायला लागले. वाटेत त्यांचा गुडघा स्टुलावर आपटला, एक ट्रे खणखणत खाली गेला, पण मान काही खाली आली नाही.

"हे काय करताय?" मुलीनं विचारलं.

"गेंडा तळ्यात उतरतोय. मान वरच आहे. पाणी गुडघ्यापर्यंत आलं..."

मुलगी सरसावून बसली.

"पोटापर्यंत आलं... गळ्यापर्यंत आलं... अंडी कोरडी आहेत. पाणी ओठांना लागलं आणि गेंड्यानं तोंड उघडलं, एवढं मोठ्ठं..."

"आऽऽ!" मुलीचंही तोंड उघडलं. डॉक्टर वळले, कापसासकट दोन बोटं आत गेली आणि दात बाहेर आला. मुलीला कळायच्या आत सगळं आटोपलं. दात मुठीत घेऊन ती "गेंडा प्यायला!" असं ओरडत आईबरोबर निघून गेली.

डॉक्टर विजयी मुद्रेनं गुडघा चोळत बसले, तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय आहे शेवटच्या पानावर?"

"काही नाही. कोरं पान आहे. वर नुसतं लिहिलंय, 'पुढे काय झालं असेल? तूच चित्र काढ.'"

"मग आपलं पान फाडलं कुणी?"

बाईंनी पदराशी चाळा केला. "आता डॉक्टर, एवढा चांगला जाड कागद कोराच होता..."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दारावर चिकटपट्टीनं लावलेल्या जाड कागदावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'दार हळू लावा.'