टेकडीवरच्या रिपीटरवर गनीम चालून आला त्याची हकिकत

हवेतून ये-जा करणाऱ्या शब्दांचा जो कोणी धनी असेल, त्याचे चरणी मस्तक ठेवून, आणि हाती आलेली घटका पुन्हा हातची जाण्याआधी, ही हकिकत लिहिण्यास प्रारंभ केला असे. जे घडले तेच लिहिले आहे. घडलेल्यास हसू येत असेल तर लिहिणाराचा इलाज नाही.

शहराचे उत्तरेस एक टेकडी. टेकडीवर पाण्याची टाकी, आणि टाकीचे आडोशास पत्र्याची खोली, आणि खोलीत हौशी रेडिओ मंडळाचा रिपीटर. रिपीटर म्हणजे ऐसे यंत्र जे, खाली शहरात कोणी हातातील लहानशा हँडसेटचे बटण दाबून हळू बोलला, तर ते एका कानाने ऐकते आणि त्याच दमात दुसऱ्या तोंडाने अवघ्या मुलुखास ऐकू जाईल ऐसे मोठ्याने बोलते. पदरचे काही घालत नाही. ऐसी निष्ठा नात्यागोत्यात आढळत नाही, म्हणोन मंडळाचे पुरुष घरच्यांपेक्षा या यंत्राशीच अधिक बोलतात, ऐसा घरोघरच्या बायकांचा दावा आहे. दावा खोटा नाही.

हे ठाणे उभे करतेसमयी मंडळींनी शर्थ केली. लोखंडी मनोरा खांद्यावरून वर वाहिला, आणि उलटा उभा केला, आणि मग पुन्हा सुलटा केला. विजेची तार ओढली, ती उंदरांनी खाल्ली, मग नळीत घालून ओढली. पावसाळ्यात अँटेनाच्या जोडात पाणी शिरावे, उन्हाळ्यात पंख्यात कुंभारमाशीने घर करावे, आणि दर खेपेस मंडळींनी वर जावे, झाडलोट करावी, फोटो काढावे आणि खाली उतरून एकमेकांस शूर म्हणावे, ऐसा शिरस्ता पडला. घरची झाडलोट करताना फोटो काढल्याचे कोणाचे ऐकिवात नाही.

मंडळाचे धनी अध्यक्षसाहेब. वीज खात्यातून निवृत्त जाहले. खुर्ची सुटली, हुकूम सुटला नाही. त्यांचे उजवे हात दंतवैद्य, जे दिवसभर लोकांची तोंडे उघडी ठेवून आपण बोलत, आणि रविवारी रेडिओवर तेच करीत. आणि ठाण्याचे किल्लेदार सोल्डरराव. सोल्डरिंगची तापलेली सळई हाती असली म्हणजे त्यांस भूक-तहान-संसार काही आठवत नसे, म्हणोन हे नाव पडले.

या सोल्डररावांचे कुटुंब, त्यांस मंडळात अवघे वहिनी म्हणत. वहिनींस एक कन्यारत्न, वय महिन्यांत मोजण्याजोगे. परंतु घराचा अंमल, निजण्या-उठण्याच्या वेळा आणि आल्या-गेल्याशी बोलण्याची पट्टी सर्व तिचेच हाती, म्हणोन तीस धाकटे सरकार म्हणावे हे रास्त.

आता बखेड्याचे मूळ सांगतो. एके बैठकीस वहिनी चहा घेऊन आल्या आणि हँडसेट पाहून सहज म्हणाल्या, "मी नुसतं नमस्कार म्हणू का? हे शेजारी आहेतच की." त्यावर अध्यक्षसाहेबांनी सर्वांदेखत फर्माविले जे, ज्यास लायसन्स नाही त्याने ऐकावे, परंतु बटणास बोट लावू नये, लाविल्यास त्याचा मंडळात येण्याचा अर्ज कायमचा फेटाळला जाईल, आणि हा नियम एकट्या वहिनींस नाही, अवघ्या प्रजेस आहे. दंतवैद्य म्हणाले, "आणि वहिनी, साखर जरा कमी." सोल्डररावांनी त्या समयी एका स्क्रूकडे पाहिले आणि पाहतच राहिले.

वहिनींनी कप गोळा केले, आणि त्याच सप्ताहात लायसन्सचे पुस्तक मागविले. मग धाकटे सरकार मांडीवर निजले असता एका हाताने थोपटावे आणि दुसऱ्या हाताने पान उलटावे; सरकार जागे जाहले असता अंगाईचे चालीवर लहरींची लांबी म्हणावी. सरकारांस ती चाल बहुत मानवली. लहरी फार लांब जाहल्या म्हणजे डोळे मिटत. ऐसे करीत पुस्तक पुरे जाहले आणि परीक्षा ठरली. वर्षात एकदाच होणारी परीक्षा, रविवारी सकाळी, आणि दार बंद जाहले म्हणजे हुजूरचा बाप आला तरी आत घेत नाहीत. सोल्डररावांनी वचन दिले जे, त्या दिवशी सरकारांची खबरदारी आपण घेऊ, वहिनींनी निर्धास्त जावे.

तो रविवार उजाडला. सोल्डरराव गाडीत पेट्रोल भरण्यास गेले. वहिनी स्वयंपाकघरात अखेरची उजळणी करीत बसल्या, आणि निजायच्या खोलीत पाळण्यातून चकार शब्द येईना. वहिनी मनी म्हणाल्या, आज देव पावला. देव पावला नव्हता. पाळण्यालगतचे स्टुलावर सोल्डररावांनी आपला धाकटा हँडसेट ठेविला होता, चालूच, फक्त आवाज मिटविलेला, बॅटरी भरलेली. सरकारांनी गजांतून हात घालून तो अँटेनाने धरून आत ओढिला. त्या दिवसांत सरकारांच्या हिरड्या शिवशिवत होत्या. खुळखुळा चावून पाहिला होता, बापाचे बोट चावून पाहिले होते, परंतु बटणाच्या रबरासारखे सुख कशातच नव्हते. मग काय विचारता! सरकारांनी बटण मुखी धरिले, आणि चाविले, आणि सोडिले, आणि लाळेने न्हाऊ घातले, आणि पुन्हा चाविले.

इकडे शहरात हाहाकार. रिपीटरवरून "घर्र… म्म्म… ग्लप… घर्र" ऐसा भयंकर नाद उठला आणि कोणाचे बोलणे कोणास ऐकू येईना. सोल्डररावांनी तो गाडीतील सेटवर ऐकिला, आणि पेट्रोल, परीक्षा, वचन सर्व जागचे जागी राहिले. अध्यक्षांस फोन केला, वहिनींस निरोप धाडिला जे, "ठाण्यावर संकट. परीक्षेआधी येतो," आणि परभारे टेकडीकडे कूच केले. मागून अध्यक्षसाहेब आणि दंतवैद्य पोहोचले.

खोलीबाहेर दगडावर बसून मसलत जाहली. अध्यक्षसाहेबांनी निर्णय दिला जे, हा घात नदीपलीकडच्या मंडळाचा. त्यांचा रिपीटर गेले साल बंद पडला तेव्हा आपण हसलो, त्याचा हा सूड. दंतवैद्यांनी डोळे मिटून बराच वेळ कान दिला. ज्यांनी आयुष्यभर दात आणि हिरड्या यांचेच खाल्ले, त्यांनी हिरड्यांचा तो नाद ऐकून सांगितले, "ही सांकेतिक भाषा आहे. शिकलेला माणूस आहे."

मग सोल्डररावांनी दिशा शोधण्याची अँटेना बाहेर काढिली. ही माशाच्या काट्यासारखी असते. जिकडे रोखावी तिकडचा आवाज मोठा येतो, आणि जेथे सर्वांत मोठा येईल तेथे गनीम. त्यांनी ती चहूबाजूंस फिरविली. काटा एके जागी टोकास जाऊन ठाकला. दंतवैद्यांनी अँटेनाचे रेषेत नजर लाविली आणि म्हणाले, "अहो, ही तर तुमचीच गल्ली. ते बघा, तुमच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं दुपटंसुद्धा दिसतंय."

येथे थोर माणसे कशी चुकतात ते पाहावे. अडाणी असता तर म्हणता, जाऊन बघू. परंतु सोल्डरराव जाणते. ते हसून म्हणाले, "छे हो! ते परावर्तन. टाकीवर आपटून उलटं येतंय. खरा माणूस बरोबर विरुद्ध बाजूला." विरुद्ध बाजूस नदी आणि नदीपलीकडे ते मंडळ. अध्यक्षसाहेब बहुत खूश जाहले आणि म्हणाले, "मी काय म्हणत होतो?" येणेप्रमाणे विद्येच्या जोरावर गनिमाकडे पाठ करून तिघे वीर नदीकडे अँटेना रोखून उभे राहिले. मग आत जाऊन कपाटाचे स्क्रू काढिले, पंखा काढिला, एकेक जोड सोडिला आणि पुसून बसविला, आणि नाद थांबेना, आणि परीक्षेची आठवण टेकडी चढून येईना.

घरी वहिनींनी घड्याळ पाहिले आणि फोन लाविला. लागला नाही. ज्या टेकडीवरून अवघ्या मुलुखाशी बोलता येते, त्या टेकडीवर मोबाईल लागत नाही. मग वहिनींनी नणंदेस फोन केला. नणंदेचे कपडे शिवण्याचे दुकान, माप घेता घेता बोलण्याची सवय. ती म्हणाली, "दादा पुन्हा डोंगरावर? बरं. आलेच मी. तू साडी नेस, रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"मग नेस."

नणंद येईपर्यंत काही खबर लागते का पाहावे म्हणोन वहिनींनी स्वयंपाकघरातील मोठा सेट लाविला. ऐकण्यास मनाई नव्हती. सेटातून आवाज आला, "घर्र… म्म्म… ग्लप."

वहिनींचा हात जागीच थांबला. जो आवाज आपण पहाटे, दुपारी, पदराखाली, खांद्यावर ऐकिला, जो आवाज मोडक्या झोपेतही दहा पोरांत ओळखू, तो आवाज शहरावरून फिरून टेकडीवर चढून परत आपल्याच ओट्यापाशी आला होता. त्या उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. पाळण्यात सरकार हँडसेट दोन्ही हातांनी धरून, डोळे अर्धे मिटून, तपश्चर्येस बसले होते. हनुवटीवरून लाळ, अंगरखा छातीपर्यंत ओला. मायलेकींची नजरानजर जाहली. सरकार हसले. हसताना तोंड उघडले आणि टेकडीवर क्षणभर शांतता जाहली. मग पुन्हा चाविले.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "तू सगळ्यांशी बोलून घेतलंस होय? माझ्याआधी?"

आता पेच पडला. हँडसेट हाती आला. बटण दाबून "खाली या, काही झालेलं नाही, इकडे माझी परीक्षा आहे," इतके म्हटले तर तिघांस ऐकू जाते, नवरा येतो. परंतु बोट लाविले तर फर्मानाचा भंग, आणि अर्ज कायमचा फेटाळला. वहिनींचा अंगठा बटणावर गेला. तेथे रबर ओले होते आणि हिरडीचे वळ होते. अंगठा मागे घेतला. मनात म्हणाल्या, बोलेन तर परवान्याने बोलेन, आणि तेव्हा एवढेसे बोलणार नाही. मग बॅटरी काढिली आणि कपाटाचे वरच्या फळीस ठेविली. सरकारांनी आकांत मांडिला, म्हणोन त्यांस लाकडी चमचा नजर केला, तो त्यांनी नाखुशीने पत्करिला.

त्याच समयी टेकडीवर अध्यक्षसाहेबांनी संतापून कपाटास तळहाताने एक सणसणीत तडाखा दिला होता. नाद थांबला! क्षण गेला, दुसरा गेला, शांतता. अध्यक्षसाहेबांनी आपल्या हाताकडे पाहिले, आणि बाकीच्यांनीही पाहिले. दंतवैद्य गहिवरले. पलीकडच्यांनी धास्ती खाऊन पळ काढिला ऐसे ठरले, आणि कपाटाशेजारी उभे राहून फोटो निघाला.

नणंद आली. तिघी रिक्षात बसल्या. परीक्षेच्या कचेरीत दार लोटले जात होते, त्यात वहिनींनी चप्पल घातली, आणि शिपाई म्हणाला, "बाई, पाय काढा," आणि वहिनी म्हणाल्या, "आधी मी आत येते, मग पायही येईल." आत गेल्या. नणंद बाहेरच्या बाकापाशी सरकारांस खांद्यावर टाकून फेऱ्या घालीत राहिली, आणि खिडकीतून वहिनींस सरकारांची टोपी जाताना दिसे, येताना दिसे. टोपी दिसली की उत्तर आठवे.

दुपारी सोल्डरराव विजयी मुद्रेने घरी आले तो दारास कुलूप. संध्याकाळी त्यांनी माफी मागितली, आणि मग लागलीच मोहिमेचा वृत्तान्त सांगितला, परावर्तनासुद्धा. वहिनींनी सर्व ऐकून घेतले आणि इतकेच विचारिले, "म्हणजे काटा आपल्या घराकडे होता?"

"हो, पण तो खोटा."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि वाटाणे सोलू लागल्या. नणंदेस खोकल्याची उबळ आली.

यथावकाश निकाल लागला, वहिनी उत्तीर्ण जाहल्या, आणि सरकारदरबारातून लायसन्स आले. मधल्या काळात अध्यक्षसाहेब दर रविवारच्या रेडिओ बैठकीत तडाख्याची कथा सांगत, आणि दर खेपेस गनीम वाढे आणि तडाखा वाढे. ऐशाच एका रविवारी कथा ऐन रंगात आली, आणि अध्यक्षसाहेब श्वास घेण्यास थांबले, आणि त्या फटीत एक नवा आवाज शिरला. त्याने लायसन्सवरची आपली खूण रीतसर अक्षरे फोडून सांगितली, आणि पुढे म्हटले:

"नमस्कार. मी सगळ्यांची वहिनी. त्या दिवशीचा गनीम माझ्या मांडीवर आहे. तिला दात येत होते, ती पाळण्यात हँडसेट चावत होती. काटा बरोबर होता. तडाख्याने काही झालं नाही, मी बॅटरी काढली. तेव्हाच सांगितलं असतं, पण मला बोलायला मनाई होती. माझा आवाज कसा येतोय, कृपया कळवा."

बटण सुटले. रिपीटरने शिरस्त्याप्रमाणे "टुप" केले.

अखेर अध्यक्षसाहेब म्हणाले, "आपला आवाज… तुटक येतोय. नीट कळलं नाही. पुढच्या वेळी बघू."

आता मंडळाचा कायदा ऐसा जे, नव्या माणसाने आपला आवाज कसा येतो म्हणोन विचारिले तर ज्या ज्या ठाण्याने ऐकिले त्याने खरे सांगावे; खोटे सांगणे हे महापाप. मग एक पोस्टमास्तर, जे वर्षानुवर्षे नुसते ऐकत, ते म्हणाले, "स्पष्ट आला." मग शाळेतल्या बाई आणि त्यांचे यजमान, "दोघांना स्पष्ट." मग नदीपलीकडून, ज्यांस कोणी बोलाविले नव्हते ते मंडळ, "इथे तर फारच स्पष्ट." मग घसा खाकरून दंतवैद्य, "स्पष्ट. खालचे पुढचे दोन असणार. मला… मला कळायला हवं होतं."

सोल्डरराव शेजारच्या खोलीत मोठ्या सेटापुढे बसले होते. भिंतीपलीकडून वहिनींस त्यांचे काहीच ऐकू येईना. मग टेकडीवरून, फिरून, अवघ्या मुलुखादेखत आवाज आला:

"स्पष्ट आला. दिशा चुकली ती माझी."

येणेप्रमाणे टेकडीवरचे ठाणे वहिनीसाहेबांनी बोलून फत्ते केले. गनिमास दात आले. ते खालचे, पुढचे, दोनच. अध्यक्षसाहेबांनी त्यानंतर तडाख्याची कथा सांगितल्याची नोंद नाही.