काठावरचा तांडेल

सखाराम तांडेलाने शर्यतीच्या मोटारीला पोटाखालून मुशी माशाचे तेल चोपडले, ही गोष्ट खरी आहे. त्या तेलाच्या वासामुळे मोटार शर्यतीतून हाकलली गेली, ही मात्र आचऱ्यातील चहाच्या दुकानांत शिजलेली थाप आहे. मोटार माझ्या मांगरात, म्हणजे शेतघरात, तयार झाली. तपासणीच्या वेळी मी स्वतः हजर होतो आणि थाप पसरवणारे आपापल्या घरी लोळत होते. तेव्हा ऐकायचे असेल तर माझे ऐका.

सखारामने जन्मभर होडी हाकली. लाकडाला मुशीचे तेल पाजले की खारे पाणी त्याला खात नाही. मग आंबोलीच्या पावसाने पत्रा तरी का खावा, असा त्याचा सरळ तर्क. दुसऱ्या सकाळी गावातली यच्चयावत मांजरे मोटारीखाली सभा भरवून बसली होती. त्याची एकुलती मुलगी मंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, ह्या काय करून ठेवल्यात?"

"तेल लायलंय. होडयेक लायतत तसा."

"ही होडी न्हय!"

"म्हणानच भिया वाटता," सखाराम म्हणाला.

मंदा मासळीचा टेम्पो घेऊन घाट चढते-उतरते. आंबोली घाटातली हौशी लोकांची शर्यत तिने मनावर घेतली. तिचा नवरा नीलेश होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. तो शेजारी बसून पुढची वळणे वाचून दाखवणार होता. दोघांनी एक जुनी मोटार घेतली, आतले सगळे उचकटून टाकले आणि लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायला घेतला. सखारामला त्यांनी बोलावले नव्हते. तो रोज सकाळी येऊन बसे.

"ह्यो पिंजरो कित्याक?" त्याने एकदा विचारले.

"गाडी पालथी झाली तर आतली माणसा चेपणत नाय," नीलेशने भाबडेपणाने सांगून टाकले.

सखारामचा चेहरा उतरला. "होडी पालथी झाली तर पोवक येता," तो म्हणाला. "घाटात काय पोवतलंस?"

घाटात काय पोहशील, हे त्याचे वाक्य त्यानंतर आम्ही इतक्यांदा ऐकले की मांजरेही ते ऐकून उठून जात. टायर आला, घाटात काय पोवतलंस. शिरस्त्राणे आली, घाटात काय पोवतलंस. नीलेशने आवळलेला प्रत्येक नट सखाराम पुन्हा आवळी आणि दोन नटांचे आटे त्याने घालवले. पिंजऱ्याची एकेक नळी बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून, डोळे मिटून ऐके. आसनाच्या पट्ट्यांवर त्याने जाळ्याच्या दोरीच्या अशा गाठी मारल्या, की मंदा एकदा आत अडकली आणि तिला सोडवायला कोयती आणावी लागली.

पुढे त्याने मोटारीची सगळी भोके कापसाने बुजवली. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासतात, तसा. इंजिनाला हवा जाण्याचे तोंडही त्यातून सुटले नाही. मोटार सुरूच होईना. मुलीने जाऊ नये म्हणून बापाने घातपात केला, असे गाव म्हणते. मी त्याला तोंडावर विचारले. "पाणी शिरात म्हणान, भाऊ," तो म्हणाला. मला ते पटले. निदान अर्धे पटले. उरलेल्या अर्ध्याची चौकशी करण्याचा अधिकार गावाला नाही.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि मोटार धुऊन आणायला सांगितले. धुऊन आणा म्हणणे आणि हाकलणे यांत फरक असतो. मंदाने आणि नीलेशने साबण लावून मोटार दोनदा धुतली. मोटार पास झाली.

मी आणि सखाराम वर आंबोलीत, शेवटच्या रेषेपाशी थांबलो. धुके असे होते की रस्ता दहा पावलांवर संपत होता. खालून इंजिनाचा आवाज येई, वळणावर नाहीसा होई, आणि पुन्हा येईपर्यंत सखाराम श्वास घेत नसे. मोटारी एकामागून एक येत होत्या. मंदाच्या मागून सुटलेली मोटार आली. तिच्याही मागची आली. मंदा आली नाही. कर्ण्यावरून कोणी काही सांगेना.

सखाराम दगडावर बसला.

"भाऊ, ह्या काम माका येना नाय."

"कसले काम?"

"काठार बसाचा. मी कायम पाण्यात. वादळ होवं, काय होवं, मी येय आणि पयला जेवक मागी. इंदू पान वाढी. उशीर कित्याक झालो, तिना कधी विचारल्यान नाय."

इंदू म्हणजे त्याची बायको. ती वारल्यापासून त्याने तिचे नाव माझ्यासमोर काढले नव्हते.

"तिचा रोज असाच होत आसात काय रे, भाऊ?"



तो उठला आणि रस्त्याकडेच्या टपरीकडे गेला. आता आचऱ्यात सांगतात की पोरगी घाटात अडकली होती तेव्हा हा बाप वडे खात होता. वडे त्याच्या हातात होते, हे मला मान्य आहे. त्याने एकालाही तोंड लावले नव्हते.

धुक्यातून एकच दिवा पेटलेली मोटार आली. दुसरा फुटला होता, एक बाजू चिखलाने माखली होती. पलीकडून नीलेश उतरला. मंदा उतरली, तिने शिरस्त्राण काढले, काहीतरी सांगायला तोंड उघडले. सखारामने वड्यांचा कागद तिच्यापुढे धरला.

"गरम आसत. खा आधी," तो म्हणाला.

ती खात असताना तो तिच्याकडे नुसता पाहत उभा राहिला. उशीर का झाला, हे त्याने विचारले नाही.