तिन्ही विद्यांचा मी लावलेला निकाल

शब्दाला एक आणा.

मिनिटाला चाळीस शब्द, चूक न होता.

सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र, टपालखर्चासह.

सुपात तुळशीचे पान.

घाबरू नका. हे सगळे माझ्या भवितव्याविषयी आहे, आणि त्याबाबतीत माझा हिशेब कधी चुकत नाही.

सन अडतीस. मी मॅट्रिक झालेला. आपला निरोप दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची विद्या हीच पुढच्या काळात पैसा देणार, हे धुळे तालुक्यात फक्त मला कळले होते. ती जळगावात तीन प्रकारे मिळे. तारेचा वर्ग, साठ रुपये. टाइपरायटिंग, पंचेचाळीस. घरबसल्या टपालाने वृत्तपत्रविद्या, तीस.

माझ्या वडिलांनी, आबांनी, कापूस विकून साठ रुपये बाजूला ठेवले होते. "एकदाच दिसू," ते म्हणाले, म्हणजे देणार ते एकदाच. "चुकना ते औत धर."

मी जळगावला लागून असलेल्या मेहरूणला बेबाआत्याकडे मुक्काम टाकला आणि तिन्ही विद्यांची परीक्षा घ्यायचे ठरवले. एकच निरोप, 'निवड झाली, साठ रुपये घेऊन लवकर या', आबांना तीन मार्गांनी धाडायचा. ज्या मार्गाने आबा आधी येतील, ती विद्या रुपयाला रुपया भारी!

तार केली. ती इंग्रजीतच जाई. टाइपचे पत्र धाडले. यंत्रही इंग्रजीच. साप्ताहिकात दोन ओळी दिल्या.

टाइपचे पत्र कोर्टाची नोटीस समजून आबांनी ज्वारीच्या कणगीत लपवले, हे मला दिवाळीत कळले. साप्ताहिक गुरुवारी निघायचे होते.

बुधवारी दुपारी मेहरूणच्या रस्त्याने नऊ माणसे रडत आली. वरात वाट चुकून स्मशानाकडे निघावी तशी. पुढे आबा, मागे आई. आईच्या हातात सूप, सुपात न फोडलेली तार, तारेवर तुळशीचे पान. आमच्याकडे तार एकाच कारणासाठी येते.

घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. म्हणून तार वाचून घ्यायला सगळे माझ्याकडे निघाले होते. मीच गेलो असेन, तर वाचायची गरजच नव्हती.

"हाऊ ते जित्ता शे!" उखर्डूकाका म्हणाले.

आईने मला पोटाशी धरले. क्षणभर सगळे हसले. मग पुन्हा तारेकडे पाहू लागले.

"मंग वाच," आबा म्हणाले. "कोन गया?"

मी माझीच तार फोडली. माझेच शब्द माझ्याकडे पाहत होते.

"सगळे खुशाल आहेत," मी म्हणालो.

"खुशाल शेत म्हनीसन कोन तार करस?" उखर्डूकाका म्हणाले. "लपाडू नको. आमनं काळीज घट्ट शे."

मागे भागाबाईमावशीने रडण्याचा सूर धरलाच होता. नाइलाजाने मी खरे सांगितले. सूर मध्येच तुटला. आईने सूप खाली ठेवले आणि बेबाआत्याला म्हणाली, "याले आज जेवाले देऊ नको."

पण मी डगमगलो नाही. "आबा, पाहा! नऊ आण्यांत नऊ माणसे एका दिवसात आली. दुसऱ्या कुठल्या विद्येत ही ताकद आहे? तारेचा वर्गच घ्यायचा. साठ रुपये द्या."

आबांनी कनवटीला हात घातला. मला वाटले, पटले.

"येवानी नऊ तिकिटं," ते म्हणाले. "जावानी नऊ तिकिटं. मयतवर टाकाले मांजरपाट." त्यांनी कनवटीचे पैसे ओट्यावर ओतले. "एकतीस शेत. एकतीसमा काय ई?"

मी वृत्तपत्रविद्या शिकलो. रुपयाही उरला. सगळा विचार करता तीच सर्वांत उत्तम, असे मी आजही कोणालाही पटवून देऊ शकतो.

तार घेऊन आलेल्या हिलाल शिपायाला इंग्रजी येत होते, आणि वाचून दाखवू का, असे त्याने आमच्या दारात त्या रडारडीत दोनदा विचारले होते.